लेथवरचे पेपर आणि गुळावरचे पेपर एकाच नावावर? संशोधकाची पब्लिकेशन लिस्ट वाचायची कशी

परवा आमच्या कॉलेजातून एम.टेक. करून गेलेली एक मुलगी भेटायला आली, गडहिंग्लजकडची आहे, हुशार आहे, आता पीएचडीसाठी गाईड शोधतेय. कोल्हापुरात राजारामपुरीत चहा घेत बसलो होतो तर तिनं एका प्राध्यापकाचं गुगल स्कॉलरचं प्रोफाईल मोबाईलवर काढून माझ्यापुढं धरलं आणि म्हणाली, "सर, हे बघा की. ह्यांच्या प्रोफाईलला वरती हार्ड टर्निंग, टूल वेअर, सरफेस रफनेस असलं सगळं आहे, आणि जरा खाली गेलं की गूळ, काकवी, हळद वाळवणं. हा माणूस नक्की लेथवाला आहे का गूळवाला?" घरी वडील म्हणालेत, धड ना हे धड ना ते, असल्या माणसाच्या नादाला लागू नको.

वडिलांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण लांबून बघितलं की तसंच दिसतं. पण मी स्वतः मेकॅनिकलचा, मशीनिंगमध्ये, म्हणजे लेथसारख्या मशिनवर धातू कापण्यात, पीएचडी केलेली, आणि माझ्या मामांचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ होतं, त्यामुळं मला ती यादी बघून शंका यायच्या आधी उत्सुकताच वाटली. मग आम्ही दोघांनी बसून ती यादी ओळीनं वाचली, तीनेक तास गेले. त्यात तिला जे सांगितलं तेच इथं लिहितोय, कारण दरवर्षी कुणी ना कुणी हाच प्रश्न घेऊन येतं आणि बहुतेक जण यादी न वाचता नुसते आकडे मोजून परत जातात.

आधी एक गोष्ट. संशोधकाची पब्लिकेशन लिस्ट म्हणजे त्याचा सातबारा समजा. कुठल्या गटात जमीन, कुणाकुणाची नावं, पीक कसलं, सगळं त्यावर असतं. पण सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे माणूस स्वतः शेत कसतोय असं होत नाही, आणि कधी कधी दुसऱ्याचंच नाव आपल्या उताऱ्यावर चढलेलं असतं. यादीचंही सेम आहे. म्हणून पहिलं काम, ही सगळी जमीन खरंच ह्याच माणसाची आहे का ते बघायचं.

आपल्याकडं हा घोळ फार होतो. पाटील, जाधव, कांबळे, शिंदे, चौगुले असली आडनावं आणि पुढं नावाची दोन अक्षरं, एवढंच पेपरवर छापलेलं असतं. गुगल स्कॉलर, म्हणजे संशोधनाचे पेपर शोधायचं गुगलचं पान, २००४ साली सुरू झालं, चांगली सोय आहे, फुकट आहे, पण ते नावावर नाव बसवून पेपर आपोआप गोळा करतं आणि प्रोफाईल ज्याचं आहे त्यानं लक्ष दिलं नाही तर दुसऱ्याच्या नावाचे पेपरही त्याच्या खात्यावर येऊन बसतात. त्या यादीत हळदीतल्या कर्क्युमिनचा पेशींवर काय परिणाम होतो असले चार पेपर होते. उघडून बघितले तर पत्ता भलत्याच राज्यातला, विभाग बायोकेमिस्ट्रीचा, नाव मात्र अक्षराला अक्षर तेच. म्हणजे ते चार ह्या माणसाचे नव्हतेच. ह्यात त्यानं काही लबाडी केली असंही नाही, मशिननं चढवले आणि त्यानं काढले नाहीत एवढंच.

हे तपासायला ऑर्किड नावाचा नंबर असतो, १६ आकड्यांचा, २०१२ पासून द्यायला लागलेत. आधार नंबरसारखाच प्रकार, नावं कितीही सारखी असूदेत, नंबर एकाचाच. संशोधकाच्या ऑर्किड पानावर जाऊन तिथली यादी आणि गुगल स्कॉलरची यादी शेजारी शेजारी ठेवायची, जे जुळत नाही ते उघडून बघायचं. आणि प्रत्येक पेपरला डीओआय म्हणून एक कायमचा पत्ता असतो, तो टाकला की थेट त्या पेपरच्या पानावर जाता येतं. डीओआय टाकून जर काहीच उघडत नसेल तर तिथंच थांबून चौकशी करायची.

तर ते चार काढले. राहिले ते मशीनिंगचे बरेच, गुळावरचे काही आणि हळद वाळवण्यावरचे दोन. हे मात्र सगळे त्याचेच, पत्ता त्याच्याच कॉलेजचा, आणि गुळाच्या पेपरात सोबत एक फूड टेक्नॉलॉजीच्या बाई सहलेखक. आता खरा प्रश्न उरला, लेथवरचा माणूस गुळाकडं गेला कशाला?

ह्याचं उत्तर समजायला दोन्हीकडं जरा जवळून बघायला लागतं.

इथल्या एमआयडीसीत, शिरोलीत नाहीतर गोकुळ शिरगावात, कुठल्याही मशिन शॉपमध्ये जावा. फाउंड्रीतून कास्टिंग येतंय, सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनवर चढतंय, कापायला कार्बाइडची टिप लावलेली, कूलंट वाहतोय. ऑपरेटरच्या हातात मुख्य तीन गोष्टी, स्पीड किती, फीड म्हणजे एका फेऱ्याला टिप किती पुढं सरकणार, आणि डेप्थ म्हणजे किती खोल कापणार. चौथी म्हणजे टिपेच्या टोकाची गोलाई, तिला नोज रेडियस म्हणतात. ह्या चारांवर जॉबचं, म्हणजे कापायच्या तुकड्याचं, फिनिश किती गुळगुळीत येणार ते ठरतं, टिप किती वेळ टिकणार ते ठरतं, मशिन किती करंट ओढणार ते ठरतं. फिनिश मोजायला छोटं यंत्र असतं, त्याची हिऱ्याची बारीक सुई जॉबवरून काही मिलीमीटर सरकते, आणि पडद्यावर मायक्रॉनमध्ये आकडा येतो. जुने कारागीर तेच काम नखानं करतात, जॉबवर नख आडवं ओढलं की त्यांना कळतं.

आता ह्यात एक सोपं गणित आहे, सांगतो, कारण ते मला फार आवडतं. टर्निंगमध्ये, म्हणजे लेथवर जॉब फिरवत कापताना, टिप जॉबवर बारीक बारीक चऱ्या पाडत जाते, स्क्रूच्या आट्यांसारख्या. त्या चऱ्यांची सरासरी खोली म्हणजे साधारण फीडचा वर्ग भागिले नोज रेडियसची ३२ पट. फीड ०.२ मिलीमीटर आणि नोज रेडियस ०.८ असेल तर उत्तर येतं दीड मायक्रॉनच्या जरासं वर, १.५६. फीड निम्मं करा, ०.१, तर फिनिश निम्मं होत नाही, चौपट सुधारतं, ०.३९ वर येतं. पण फीड निम्मं म्हणजे जॉबला वेळ दुप्पट. आणि हे झालं कागदावरचं, प्रत्यक्षात मशिन थरथरतं, टिप झिजते, टिपेवर धातूचा गोळा चिकटतो, त्यामुळं खरा आकडा ह्याच्यापेक्षा जास्तच येतो. किती जास्त आणि कशामुळं, ह्याच्यावर मशीनिंगचे हजारो पेपर आहेत.

ह्या सगळ्याचा पाया घातला फ्रेडरिक टेलर नावाच्या अमेरिकन माणसानं. त्यानं जवळजवळ २६ वर्षं नुसतं धातू कापून बघितलं आणि १९०७ च्या सुमाराला तो अभ्यास छापून आला. स्पीड वाढवला तर टिपेचं आयुष्य किती कमी होतं ह्याचं त्यानं दिलेलं समीकरण आज आम्ही पोरांना शिकवतो. २६ वर्षं लागली कारण बदलणाऱ्या गोष्टी इतक्या, की एक एक बदलून बघायचं म्हटलं तर जन्म पुरत नाही.

आता गुऱ्हाळावर या. ऊस गाळला, रस काहिलीत घेतला, खाली चुलवाणात चिपाड पेटतंय. ताजा रस मुळात जरासा आंबट अंगाचा असतो. तो तसाच तापवला तर साखर फुटते, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, मग गूळ चिकट, मऊ, पावसाळ्यात पाणी सुटणारा. म्हणून चुना टाकून आंबटपणा मारायचा. पण चुना जास्त झाला तर गूळ काळपट पडतो आणि बाजारात भाव पडतो. भेंडीचं चिकट पाणी टाकलं की मळी वर येते, ती काढायची. मग कढ. काकवी काढायची असेल तर १०५ अंशांच्या आसपास थांबायचं, घट्ट ढेप पाहिजे असेल तर ११८ च्या आसपास. हे दहा-बारा अंश म्हणजे सगळा खेळ.

मामांच्या गुऱ्हाळावर जो गुळव्या होता त्याच्याकडं थर्मामीटर कधीच नव्हता. तो काहिलीतली चासणी पळीवर घ्यायचा, थंड पाण्याच्या भांड्यात सोडायचा आणि बोटांनी गोळी वळायचा. गोळी मऊ पडली की मान हलवायचा, थांबा. जरा वेळानं परत. मग एक गोळी भांड्याच्या काठावर टाकायचा आणि टण्ण असा आवाज आला की ओरडायचा, "आलाय, उतरा!" आणि चार माणसं काहील वाफ्यात ओतायला धावायची. मी लहान होतो, विचारलं होतं की तुम्हाला कसं कळतं. तो म्हणाला, "कढाचा वास बदलतोय पोरा, कळतंय."

तर बघा, एकीकडं स्पीड, फीड, डेप्थ, नोज रेडियस, आणि दुसरीकडं चुना, भेंडी, तापमान, वेळ. एकीकडं बघायचं फिनिश आणि टिपेचं आयुष्य, दुसरीकडं रंग, घट्टपणा, ओल. दोन्हीकडं प्रश्न एकच, चार-पाच खुंट्या आहेत, कुठली किती पिळायची म्हणजे सूर बरोबर लागेल, आणि सगळ्या शक्यता करून बघायला ना वेळ आहे ना पैसा.

हिशोब करा. चार गोष्टी, प्रत्येकीच्या तीन पातळ्या, कमी, मध्यम, जास्त. सगळे जोड करून बघायचे तर तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले तीन, ८१ प्रयोग. ८१ वेळा टिप बदलायची नाहीतर ८१ वेळा काहील चढवायची. पण ह्या ८१ मधले ९ असे हुशारीनं निवडता येतात की प्रत्येक गोष्टीची प्रत्येक पातळी तीन वेळा येते, आणि इतरांच्या प्रत्येक पातळीशी एकेकदा गाठ पडते. मग त्या ९ प्रयोगांच्या आकड्यांतून कुठल्या गोष्टीचा हात किती, हे वेगळं करून दाखवता येतं. ह्या ९ ओळींच्या तक्त्याला एल९ म्हणतात आणि आपल्याकडच्या मशीनिंगच्या पेपरात तागुची पद्धत म्हणून जे सारखं दिसतं ते हेच.

आणि आता ह्यातली मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट. ही पद्धत कुठून आली? शेतातून. इंग्लंडात रोथॅमस्टेड म्हणून शेती संशोधन केंद्र आहे, तिथं रोनाल्ड फिशर नावाचा संख्याशास्त्रज्ञ १९१९ ला कामाला लागला. कुठल्या खताचा, कुठल्या वाणाचा पिकावर किती परिणाम हे एकमेकांपासून सोडवून काढायची रीत त्यानं तिथं बसवली, १९२३ चा त्याचा पेपर बटाट्यावर आहे, बटाट्याच्या जाती आणि खतं. पेपरात जो अनोवा नावाचा तक्ता असतो, ज्यात कुणाचा वाटा किती टक्के ते लिहिलेलं असतं, त्याचं मूळ ते. पुढं आपल्या संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी, कर्नाटकातल्या हडगलीत जन्मलेला माणूस, म्हणजे कोल्हापूरपासून काही फार लांब नाही, कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये असताना १९४० च्या दशकात ऑर्थोगोनल अॅरे म्हणजे ह्या निवडक तक्त्यांचं गणित मांडलं. आणि जपानचे गेनिची तागुची १९५४-५५ मध्ये त्याच कलकत्त्याच्या संस्थेत पाहुणे प्राध्यापक म्हणून होते. त्यांनी हे तक्ते कारखान्याच्या कामाला जुंपले, आणि तिथून ते मोटारीच्या पार्टपर्यंत, आणि फिरून आपल्या शिरोलीच्या सीएनसीपर्यंत आले.

म्हणजे बटाट्याच्या वावरातून निघालेली रीत लेथवर आली आणि लेथवाल्यानं ती परत उसाच्या रसाकडं नेली. त्या मुलीला हे सांगितलं तेव्हा ती गप्पच बसली जरा वेळ, मग म्हणाली, "म्हणजे सर तो घरीच परत गेलाय की." मला ते वाक्य आवडलं.

आपल्या भागात हे जास्तच साहजिक आहे. एका बाजूला फाउंड्री आणि मशिन शॉप, दुसऱ्या बाजूला ऊस. कोल्हापुरी गुळाला २०१४ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, शहरातच ऊस आणि गूळ संशोधन केंद्र आहे, गुळाचे सौदे मार्केट यार्डात होतात. इथला मेकॅनिकलचा प्राध्यापक ज्या गावातून कॉलेजला येतो तिथं वाटेत गुऱ्हाळ लागतंच. आणि गुऱ्हाळावरची अर्धी कामं मेकॅनिकलचीच आहेत, चुलवाणातून उष्णता किती वाया जाते, काहिलीच्या तळाला पंख, म्हणजे उष्णता धरायला धातूच्या पट्ट्या, लावले तर चिपाड किती वाचतं, ढेपेऐवजी पावडर करायची तर ती वाळवायची कशी. हे प्रश्न उष्णतेचे आहेत, फूड सायन्स त्याच्या पुढं सुरू होतं, म्हणजे चव, रंग, टिकणं, सुरक्षितपणा.

अजून एक पूल आहे तो तेलाचा. मशीनिंगमध्ये कूलंटचा धो धो पाट सोडण्याऐवजी तेलाचे अगदी बारीक तुषार हवेसोबत मारायची पद्धत आहे, एमक्यूएल म्हणतात, तासाला साधारण ५० ते ५०० मिलीलिटर तेल लागतं, बस. आणि त्यासाठी खनिज तेलाऐवजी शेंगतेल, सूर्यफूल, खोबरेल, सोयाबीन वापरून बघतात, कारण ते मातीत कुजून जातं आणि ऑपरेटरच्या अंगाला कमी त्रास. पण खाद्यतेल गरम झालं की खवट होतं, चिकट थर धरतं, आणि हे का होतं हे समजायला तेलाची केमिस्ट्री वाचावी लागते, जी फूड सायन्सवाल्यांनी आधीच लिहून ठेवलीय. ह्या माणसाच्या यादीत गुळावरच्या पहिल्या पेपरच्या दोन वर्षं आधी शेंगतेलाच्या एमक्यूएलवर पेपर होता. तारखा लावून वाचलं की रस्ता दिसतो, आधी धातू, मग धातूवर खाद्यतेल, मग फूडवाल्या बाईंशी ओळख, मग गूळ. नुसती विषयांची गर्दी असती तर असा रस्ता दिसला नसता. म्हणून यादी नेहमी जुन्याकडून नव्याकडं वाचायची, प्रोफाईल उलटी दाखवतं.

आता आकड्यांचं. प्रोफाईलच्या कोपऱ्यात सायटेशन आणि एच-इंडेक्स असतात आणि सगळ्यांची नजर तिथंच जाते. सायटेशन म्हणजे दुसऱ्या किती पेपरांनी ह्याचा उल्लेख केला. एच-इंडेक्स ही होर्हे हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ ला सुचवलेली मोजपट्टी. समजा आठ पेपर आहेत आणि त्यांना सायटेशन आहेत २५, १८, ९, ६, ५, ४, २, ०. मोठ्याकडून मोजत या, पाचव्या पेपरला ५ आहेत, सहाव्याला ४ च, म्हणजे एच-इंडेक्स ५. झालं एवढंच. ह्यात गंमत अशी की एकच पेपर लिहिला आणि त्याला २०० सायटेशन मिळाली तरी त्या माणसाचा एच-इंडेक्स १ च येतो. आणि रिव्ह्यू पेपर, म्हणजे दुसऱ्यांच्या कामाचा आढावा, त्याला सायटेशन भरपूर मिळतात, स्वतः एकही प्रयोग न करता. वय जास्त तर आकडा जास्त. प्रत्येक विषयाची उल्लेख करायची सवयही वेगळी, त्यामुळं मशीनिंगचा आकडा आणि फूडचा आकडा एका तराजूत घालून उपयोग नाही, आणि दोन्ही विषयात काम करणाऱ्या माणसाचा एकत्र आकडा तर त्याहून कमी सांगतो. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा, हा जर्नलचा असतो, पेपरचा नव्हे आणि माणसाचा तर नव्हेच, हे लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

जर्नल मात्र बघायचंच. चांगल्या जर्नलमध्ये पेपर पाठवला की त्या विषयातले दोन-तीन जाणकार तो वाचतात, खोट काढतात, परत पाठवतात, महिने जातात. वाईट जर्नलमध्ये पैसे भरले की आठवड्यात छापून येतो. असल्या दुकानांना जेफ्री बील नावाच्या अमेरिकन ग्रंथपालानं २०१० मध्ये प्रेडेटरी म्हणजे शिकारी हे नाव दिलं. मी स्वतः नोकरीला नवीन असताना असाच एक पेपर दिला होता, प्रमोशनला पेपर पाहिजे होता, मेल आला, भारी नाव होतं जर्नलचं, इंटरनॅशनल वगैरे, साडेतीन हजार रुपये भरले आणि सहा दिवसात छापून आला, एकही प्रश्न न विचारता. त्या पेपरातल्या एका तक्त्यात युनिट चुकलं होतं, मायक्रॉनच्या जागी मिलीमीटर. कुणीच बघितलं नाही. आजही तो माझ्या नावावर आहे आणि आजही मला त्याचं वाईट वाटतं, कारण ते काम चांगलं होतं, चार महिने रात्रपाळीत मशिन रिकामं मिळेल तेव्हा केलेलं, आणि मी ते अशा ठिकाणी टाकलं जिथं कुणी वाचलंच नाही. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, ह्यासाठी केअर नावाची चांगल्या जर्नलांची यादी आणली होती, ती २०२५ ला बंद केली आणि तपासायची जबाबदारी कॉलेज-विद्यापीठांवर टाकली. म्हणजे आता तर स्वतःला वाचता आलंच पाहिजे. म्हणून कुणाच्या यादीत एक-दोन असले पेपर दिसले तर मी लगेच माणसाला मोडीत काढत नाही, कुठल्या वर्षाचे आहेत ते बघतो. सुरुवातीचे असतील आणि पुढं थांबले असतील तर तो शिकला. दरवर्षी वीस-वीस असतील तर मग दुसरा गाईड बघा.

लेखकांचा क्रमही बघायचा. इंजिनिअरिंगमध्ये साधारणपणे पहिलं नाव ज्यानं हातानं काम केलं त्याचं, बरेचदा विद्यार्थ्याचं, आणि शेवटचं किंवा पत्रव्यवहाराचा ईमेल ज्याचा तो गाईड. पीएचडीला जाणाऱ्यानं हे नक्की बघावं की विद्यार्थ्यांची नावं पहिली येतात का. ह्या माणसाच्या यादीत चार वेगवेगळ्या विद्यार्थ्यांची नावं पहिली होती, त्यातल्या तिघांचे प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यात, सापडले, म्हणजे पोरं पूर्ण करून बाहेर पडतात. माझ्या मते एच-इंडेक्सपेक्षा ही गोष्ट शंभरपट कामाची.

शेवटी आम्ही दोन पेपर पूर्ण उघडून वाचले, एक हार्ड टर्निंगचा, म्हणजे कडक केलेला धातू लेथवर कापण्याचा, आणि एक गुळाचा. मी पेपर वाचताना आधी निष्कर्ष वाचत नाही, प्रयोगाचा भाग वाचतो. मशीनिंगच्या पेपरात मशिन कुठलं, टिप कुठली, धातूचा कडकपणा किती, रफनेस किती ठिकाणी मोजला, हे सगळं होतं. एल९ वापरला होता आणि एक कच्चा दुवाही होता. एल९ मध्ये चारही रकाने चार गोष्टींना दिले की दोन गोष्टी एकत्र आल्यावर काय होतं ते झाकलं जातं, म्हणजे फीड आणि स्पीड मिळून काही वेगळं करत असतील तर ते त्या तक्त्यात दिसत नाही. त्याबद्दल पेपरात काही लिहिलं नव्हतं. पाच वर्षांनंतरच्या गुळाच्या पेपरात मात्र त्यानं तक्ताच बदलला होता, बॉक्स-बेन्केन म्हणून १९६० ची रचना आहे, तीन गोष्टींसाठी १७ प्रयोग, त्यातले ५ मधल्याच एका बिंदूवर परत परत केलेले. परत परत का, तर एकच गोष्ट पाच वेळा करून आकडे किती हलतात ते कळावं म्हणून. ह्या रचनेत दोन गोष्टींची आपसातली गाठ दिसते, आणि त्याच्या आकडेवारीत दिसलीच, चुन्याचा परिणाम कमी तापमानाला वेगळा आणि जास्त तापमानाला वेगळा. माणूस पाच वर्षात काय शिकला ते दोन पेपर शेजारी ठेवल्यावर कळलं, यादीतल्या कुठल्या आकड्यात ते नव्हतं.

चवीसाठी माणसं बसवली होती, नऊ गुणांची पट्टी, १ म्हणजे अजिबात आवडलं नाही आणि ९ म्हणजे फार आवडलं, फूडवाले हीच वापरतात. इथं सुईचं यंत्र चालत नाही, जीभच लागते, आणि जिभेचे आकडे जॉबच्या आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त हलतात. त्या बाईंचं नाव सहलेखकात का आहे ते ह्या पानावर कळतं.

मला एकच गोष्ट खटकली. सगळे प्रयोग प्रयोगशाळेत, दोन-दोन लिटर रस घेऊन स्टीलच्या भांड्यात इलेक्ट्रिक शेगडीवर. गुऱ्हाळात काहिलीत शेकडो लिटर रस असतो, खाली चिपाडाचा जाळ कधी भडकतो कधी बसतो. दोन लिटरचं उत्तर तिथं तसंच लागू पडेल का? शेवटच्या परिच्छेदात एवढंच लिहिलं होतं की निवडलेल्या पातळ्यांवर तीन वेळा खात्री करून बघितली. कुठं बघितली ते नव्हतं.

मुलीनं तिथंच बसून त्यांना मेल लिहिला. ओळख, मार्क, आवड वगैरे दोन ओळीत, आणि मग प्रश्न, "सर, तुमच्या गुळाच्या पेपरातले खात्रीचे तीन प्रयोग लॅबमध्ये केले होते का गुऱ्हाळावर?" उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं, तिनं मला पाठवलं. लॅबमध्येच केले होते. गुऱ्हाळावर दोनदा करून बघितलं होतं पण तापमान हातात राहिलं नाही म्हणून ते आकडे छापले नाहीत, आणि तेच काम आता कुणीतरी नीट करायला पाहिजे, हंगाम सुरू झाला की या, असं त्यांनी लिहिलंय. ती दिवाळीनंतर जातेय, आणि मी तिला आमच्या वर्कशॉपमधला थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायचं साधन, आणि लांब वायर देऊन ठेवलीय.